नळदुर्गचा नर-मादी धबधबा, बारा महिने: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माहेर सोलापूर, सासर नळदुर्ग. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की माझ्या फोनवर दोनच शब्दांचे मेसेज सुरू होतात: "सुटलं का?" ऑफिसातले, सोसायटीतले, पुण्याचे पाहुणे आणि त्या पाहुण्यांचे पाहुणे, सगळे विचारतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून बोटं दुखली, म्हणून ती इथे एकदाच लिहून ठेवली. प्रश्न लोकांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. हा धबधबा नक्की कुठे आहे? सोलापुरातच ना?

नाही. सोलापूर–हैदराबाद महामार्गावर, सोलापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर नळदुर्ग गाव आहे. जिल्हा धाराशिव, तालुका तुळजापूर. पण सोलापूरकर त्याला आपलाच धरतात, कारण दुपारी निघून रात्री जेवायला घरी येता येतं. धबधबा नळदुर्गच्या किल्ल्यात आहे. किल्ल्याच्या वाटेवर नाही, शेजारीही नाही, अगदी तटाच्या आत. त्यामुळे त्याला भेट म्हणजे किल्ल्याला भेट. तिकीट काढून दरवाजातून आत जायचं आणि मग चालायचं.

२. 'नर-मादी' हे काय नाव झालं? आणि धबधबा नैसर्गिक आहे का?

नैसर्गिक नाही, हीच त्यातली गंमत. बोरी नदी किल्ल्यातून वाहते. एका बाजूला मुख्य किल्ला, पलीकडे रणमंडळ नावाचा छोटा जोडकिल्ला. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, या दोघांना जोडणारा दगडी बंधारा नदीवर घातला गेला. तट त्याच्याही आधीचा, पहिल्या अली आदिलशहाच्या वेळचा. बंधाऱ्यामागे पाणी तुंबायचं, किल्ल्याला बारमाही पाणी मिळायचं आणि शत्रूला त्या बाजूने यायला वाट उरायची नाही.

जादाचं पाणी बाहेर पडायला बंधाऱ्यावर दोन सांडवे ठेवले. नदी भरली की त्या दोन जागांतून पाणी खाली कोसळतं. एक नर, एक मादी. कुठला नर आणि कुठली मादी असं किल्ल्यात दोन माणसांना विचारा, तीन उत्तरं मिळतील. आमच्या सासूबाई म्हणतात, जो जास्त आवाज करतो आणि काम कमी करतो तो नर.

बंधाऱ्याच्या पोटात एक महाल आहे, पाणी महाल. तो सोडून नुसता धबधबा बघून परत आलात तर अर्धंच बघितलं. त्याबद्दल प्रश्न ६ मध्ये.

३. जायला सगळ्यात चांगला महिना कोणता?

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा मध्य. हे ऐकून पुण्या-मुंबईचे लोक गोंधळतात. त्यांच्या डोक्यात धबधबा म्हणजे जुलै, ताम्हिणी, माळशेज, धुकं आणि भजी. आपल्याकडे तसं नाही. सोलापूरचा वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, महाबळेश्वरच्या साधारण दहावा हिस्सा. आणि तोही वेळेवर येत नाही. जूनमध्ये पेरणीपुरता पडतो, जुलैत रुसतो, ऑगस्टमध्ये ढग नुसते पुण्याकडून हैदराबादकडे फिरायला जातात. आपला खरा पाऊस परतीचा. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रं आपली. सोलापूरला सरासरीने सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्येच पडतो.

त्यातही पाऊस पडला म्हणून धबधबा सुरू होत नाही. किल्ल्याच्या वरच्या अंगाला बोरीवर आताच्या काळातलं धरण आहे. नदीचं पाणी आधी तिथे अडतं. ते पूर्ण भरून त्याच्या सांडव्यावरून पाणी वाहू लागलं की मग ते किल्ल्यात येतं, आणि मग नर-मादी जागे होतात. म्हणून माझा एकच सल्ला: आभाळाकडे बघू नका, धरणाकडे बघा.

हे मी शिकले ते फजिती होऊन. लग्नानंतरच्या पहिल्याच जुलैत पुण्याच्या मावशीला मोठ्या हौसेने घेऊन गेले होते. सोलापूर सोडताना इतका पाऊस की वायपर चालवूनही समोरचं दिसेना. किल्ल्यात पोचलो तर बंधारा कोरडा, आणि सांडव्याखाली दोन शेळ्या गवत खात होत्या. मावशी अजून विचारते, "त्यातली नर कुठली आणि मादी कुठली गं?"

४. मग पाणी सुटलंय हे घरबसल्या कसं कळणार?

सोलापूर आणि धाराशिवच्या स्थानिक वर्तमानपत्रांत 'बोरी धरण शंभर टक्के भरलं' अशी बातमी येते. ती आली की दोन-तीन दिवसांत निघा. मोबाइलवर व्हिडिओ फिरायला लागले की त्यांची तारीख तपासा. दरवर्षी जूनमध्ये मागच्या वर्षीचा व्हिडिओ 'आत्ताचं दृश्य' म्हणून कोणीतरी टाकतोच आणि शंभर जण पुढे ढकलतात. खात्रीचा मार्ग म्हणजे नळदुर्ग, अणदूर किंवा इटकळमध्ये कोणी ओळखीचं शोधणं. माझा धाकटा दीर नदीच्या पुलावर उभा राहून मला दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवतो. तुमच्यासाठी तो उपलब्ध नाही, त्याचं लग्न ठरलंय.

५. उजनी एकशे दहा टक्के झालं म्हणून पेपरात आलंय. म्हणजे धबधबा सुरू झाला ना?

याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की वेगळा लिहितेय. उजनी भीमेवर आहे आणि ते भरतं पुणे जिल्ह्यातल्या पावसावर, सह्याद्रीतल्या धरणांतून सुटलेल्या पाण्यावर. सोलापुरात थेंब न पडता उजनी काठोकाठ भरलेलं आपण कितीदा पाहिलंय. बोरीचं पाणी येतं ते धाराशिव जिल्ह्यातल्या बालाघाटच्या माळरानांवरून. बोरी पुढे अक्कलकोट तालुक्यात जाते, तिथल्या कुरनूर धरणाला पाणी देते आणि शेवटी भीमेला मिळते. म्हणजे दोन्ही पाणी एकत्र येतं, पण धबधब्याच्या खूप पुढे.

याच्या उलटही होतं. अक्कलकोटचे लोक नर-मादी सुरू झाल्याचं ऐकून खूश होतात, कारण आता कुरनूरमध्ये पाणी येणार. त्यांच्यासाठी हा धबधबा सहलीचा नाही, रब्बीचा विषय आहे.

६. पाणी महालात उभं राहिलं तर खरंच भिजत नाही का?

खिडकीजवळ तुषार लागतात, पण धार अंगावर येत नाही. बंधाऱ्याच्या भिंतीतच जिना आहे. त्यातून खाली उतरलं की छोटासा महाल लागतो, कमानी, सज्जा, खिडक्या असलेला. ज्या बंधाऱ्यावरून आत्ताच उतरून आलात, त्याच्यावरून, म्हणजे तुमच्या डोक्यावरून पाणी जातंय आणि तुमच्या समोर खिडकीबाहेर ते पांढऱ्या पडद्यासारखं पडतंय. बोललेलं ऐकू येत नाही, पायाखालचा दगड थरथरल्यासारखा वाटतो, आणि आत मात्र कोरडं. चारशे वर्षांपूर्वी हे बांधणाऱ्या माणसाला पाणी कसं पडेल याचा किती नेमका अंदाज होता, ते तिथे उभं राहिल्यावरच समजतं.

महालात एक फारसी शिलालेख आहे. त्याचा आशय असा की ही वास्तू पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधार येईल. गर्दीच्या रविवारी आत शिरायची रांग बघून माझ्याही डोळ्यांपुढे येतो.

पाणी फार जोरात असेल आणि राखणदार खाली सोडत नसेल तर हुज्जत घालू नका. जिना अरुंद आणि अंधारा आहे, दगड ओले असतात. तो रोज ते पाणी बघतो, तुम्ही वर्षातून एकदा.

७. धबधब्याखाली भिजायला मिळतं का? पोरं विचारतायत.

नाही, आणि तसा आग्रहही धरू नका. हा डोंगरातला धबधबा नाही की खाली उथळ डोह असेल. खाली नदीचं पात्र आहे, कपारी आहेत, आणि वरून येणारं पाणी धरणाच्या सांडव्याचं आहे. धरणाच्या वरच्या भागात कुठे जोराचा पाऊस झाला की इथे आभाळ निरभ्र असतानाही पाणी वाढतं. ऑक्टोबर २०२० आठवा. चौदा तारखेच्या आसपास तो कमी दाबाचा पट्टा सोलापूरवरून गेला तेव्हा एका रात्रीत बोरी, सीना, भीमा सगळ्यांनी पात्र सोडलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने पुन्हा तेच दाखवलं. कोरडी माणसं आहोत आपण, नदीचा स्वभाव आपल्या अंगवळणी नाही.

भिजायचंच असेल तर प्रश्न १३ मधलं रामलिंग त्यातल्या त्यात बरं.

८. हिवाळ्यात पाणी नसतं म्हणता. मग पन्नास किलोमीटर जायचं कशाला?

मला विचाराल तर किल्ला बघायचा खरा काळ हाच. पावसाळ्यात सगळे बंधाऱ्यावर गर्दी करतात आणि उपळी बुरुजाकडे कोणी फिरकत नाही. हिवाळ्यात त्याच्या पायऱ्या चढून वर जा. वर लांबलचक तोफा आहेत आणि चारी बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत तुरी, ज्वारी आणि हरभरा. नवबुरूज नावाचा पाकळ्यांसारखा बुरूज तटावरून चालताना दिसतो, तोही बघा. धबधबा बंद असल्यामुळे पाणी महाल निवांत बघता येतो, शिलालेखापुढे हवा तितका वेळ उभं राहता येतं. आणि डिसेंबरपर्यंत बंधाऱ्यामागे पाणी साठलेलं असतं, त्यावर पक्षी उतरतात.

थोडा इतिहास हवा असेल तर, १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला तेव्हा नळदुर्ग हे जिल्ह्याचं ठिकाण झालं आणि मेडोज टेलर नावाचा अधिकारी इथून कारभार बघायचा. जिल्हा पुढे उस्मानाबादला गेला, आता धाराशिव झाला, नळदुर्ग मात्र आज तालुकासुद्धा नाही. गावकऱ्यांची ही जुनी दुखरी नस आहे. चहाच्या टपरीवर विषय काढलात तर अर्धा तास मोडेल.

पौष पौर्णिमेला नळदुर्गच्या मैलारपुरात खंडोबाची यात्रा भरते. या खंडोबाची गोष्ट न्यारी. मूर्ती एकच आणि गावं दोन: सव्वादहा महिने अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गला. दोन्ही गावांत करार आहे आणि देव पालखीतून ये-जा करतो. आमच्या घरी म्हणतात, देवालाही सासर-माहेर चुकलं नाही.

शिवाय याच दिवसांत हुरडा. सोलापूरहून निघालात की बोरामणीच्या पुढे दोन्ही बाजूंना ज्वारी उभी असते. कोणाच्या तरी शेतात ओळख काढा, आगटी पेटवून घ्या, शेंगाचटणी घरून न्या, आणि दुपारी किल्ला. या बेतापुढे सप्टेंबरची गर्दी मी कधीही सोडीन.

९. उन्हाळ्यात जाऊ का? मुलांना सुट्टी तेव्हाच असते.

एप्रिल-मेमध्ये नको. पारा ४२-४३ वर, किल्ल्यात सावली बेताची, काळा बसाल्ट तापलेला. जायचंच असेल तर सकाळी लवकर पोचून दहाच्या आत बाहेर पडा. त्या वेळी नदीचं पात्र आटलेलं असतं आणि बंधाऱ्याचं बांधकाम पायथ्यापासून दिसतं. वास्तुकलेची आवड असणाऱ्याला त्याचं मोल आहे. मुलांना नाही.

१०. गाडी नाही. एसटीने जाता येईल?

आरामात. सोलापूर स्टँडवरून उमरगा, हैदराबादकडे जाणाऱ्या बस नळदुर्गला थांबतात. बसायच्या आधी वाहकाला विचारून घ्या, कारण लांब पल्ल्याच्या काही गाड्या गावात न शिरता महामार्गावरच उतरवतात. किल्ला स्टँडपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. परतीची गाडी संध्याकाळी गच्च भरून येते, त्यामुळे अंधार पडायची वाट बघू नका.

११. आई-बाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. जमेल का?

किल्ल्यात शिरणं आणि बंधाऱ्याचं दृश्य लांबून बघणं जमेल, हळूहळू. किल्ला डोंगरावर नाही, बहुतेक सपाटीवरचा आहे, त्यामुळे चढण नाही. पण आत अंतर बरंच आहे. पाणी महालाचा जिना आणि उपळी बुरूज त्यांच्यासाठी नको. ओल्या दगडांवर चपला घसरतात, तळ धरणारे बूट घालायला लावा. माझ्या सासऱ्यांची युक्ती: सोबत घडीची खुर्ची न्यायची आणि जिथून धबधबा दिसतो तिथे बसून राहायचं. चार तास ते तिथून हलत नाहीत आणि सगळ्यात जास्त धबधबा त्यांनीच बघितलेला असतो.

१२. एकाच दिवसात तुळजापूर पण होईल ना?

एरवी होतं. सकाळी तुळजापूर, दुपारी नळदुर्ग, संध्याकाळी सोलापूर, असा त्रिकोण सोपा आहे. अक्कलकोटही त्यात घालू पाहणाऱ्यांना मी थांबवते. तिन्ही ठिकाणी पळापळ होते आणि एकही धड होत नाही.

अपवाद लक्षात ठेवा, कारण तो नेमका धबधब्याच्या हंगामातच येतो: नवरात्र ते कोजागरी. कोजागरीला सोलापूरहून लाखो लोक चालत तुळजापूरला जातात, आणि त्या वेळी सोलापूर–तुळजापूर रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून वाहतूक दुसरीकडे वळवतात. वळवलेली गाडी बऱ्याचदा नळदुर्गच्याच वाटेला येते. तेव्हा त्या दिवसांत धबधब्याला जायचं तर फक्त धबधबा, आणि तोही भल्या सकाळी. चालत जाणार असाल तर गोष्ट वेगळी, मग धबधब्याचा विचारच सोडा आणि पायाला तेल लावा.

१३. येडशीचं रामलिंग कसं आहे? नळदुर्गपेक्षा चांगलं का?

दोन्हींची तुलना होत नाही. रामलिंग धाराशिवच्या पुढे येडशीजवळ, बार्शीकरांना सोलापूरकरांपेक्षा जवळ. तिथे दरीत उतरून महादेवाचं देऊळ आहे आणि शेजारीच ओढा कड्यावरून पडतो. आजूबाजूचा डोंगर १९९७ पासून अभयारण्य आहे. सीतेला पळवून नेताना रावण आणि जटायूची झुंज इथे झाली, आणि घायाळ जटायूसाठी रामाने बाण मारून पाणी काढलं, अशी कथा सांगतात.

फरक असा की रामलिंगच्या मागे मोठं धरण नाही. पाऊस पडला की पाणी, थांबला की धार बारीक. म्हणजे प्रश्न ३ मधला माझा सल्ला इथे उलटा करायचा: इथे आभाळाकडेच बघायचं. श्रावणात, आदल्या दोन दिवसांत चांगला पाऊस झाला असेल तर जा. श्रावणी सोमवार मात्र टाळा, देवळात पाय ठेवायला जागा नसते. आणि वानरं. हातातली पिशवी, नारळ, मुलाच्या हातातलं बिस्किट, काहीही सुरक्षित नाही. चष्मासुद्धा खिशात ठेवा.

१४. अजून लांब जायची तयारी आहे. कुठे?

बीड जिल्ह्यात दोन: मांजरसुंब्याजवळ कपिलधार, जिथे मन्मथस्वामींची समाधी आहे आणि कार्तिकी पौर्णिमेला सोलापूरहूनही लिंगायत भाविक पायी जातात, आणि जामखेडजवळ सौताडा, जिथे विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते. सौताडा मला जास्त आवडतं. कर्नाटकात जायचं तर घटप्रभेवरचा गोकाक, ५२ मीटरचा, पण तो मुक्कामाचा बेत आहे.

१५. जेवणाचं काय?

महामार्गावर धाबे भरपूर. तरी मी धपाटे, दही आणि शेंगाचटणी घेऊनच जाते. कागद, पत्रावळ्या परत आणायच्या, हे सांगावं लागू नये पण लागतं.

१६. प्री-वेडिंग शूट, ड्रोन वगैरे?

किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. परवानगी आधी घ्या. ती नसेल आणि दारात अडवलं तर नवरीच्या घागऱ्याकडे बघून कोणी सोडत नाही.

१७. यंदा पाऊसच नाही. धबधबा सुरूच झाला नाही तर?

असं होतं. काही वर्षं धरण भरतच नाही आणि बंधारा वर्षभर कोरडा राहतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं होतं, लातूर इथून शेजारीच आहे. अशा वर्षी गावात जाऊन "धबधबा का नाही?" असं विचारू नका. विहिरी कोरड्या पडलेल्या माणसाला ते बोचतं. किल्ला बघा, प्रश्न ८ वाचा, आणि पाण्याची बाटली घरून न्या.

१८. एकदा सुरू झाला की किती दिवस चालतो?

धरणात वरून येणारं पाणी सुरू असेपर्यंत. एका जोरदार पावसावर भरलं असेल तर काही दिवसांतच धार बारीक होते. परतीचा पाऊस रेंगाळला तर पंधरवडा-महिनाही चालतो. स्वाती नक्षत्रात पाऊस झाला तर दिवाळीच्या सुट्टीतही पाणी सापडू शकतं, पण त्या भरवशावर पाहुणे बोलावू नका.

१९. दीर म्हणतोय एकाच सांडव्यातून पाणी चालू आहे, दुसरा नुसता ओला आहे. आत्ता जाऊ की थांबू?

तुमचाही दीर नळदुर्गला? बरं. मधला वार असेल आणि तुम्हाला गर्दी नको असेल तर आत्ता जा. कमी पाण्यात दोन धारा सारख्या नसतातच, पण महालात उतरू देतात आणि खिडकीतून पडद्याच्या फटीतून पलीकडची नदी दिसते, जी भरल्या पाण्यात दिसत नाही. दोन्ही धारा एकदम, तो आवाज, ते तुषार हवे असतील तर थांबा, आणि रात्री वर तुळजापूरकडे वीज चमकते का ते बघा. चमकली तर सकाळी सहाला निघा. आठपर्यंत पोचलात तर गाडी लावायला सावलीची जागा मिळेल.